दुर्बिणीशिवाय शुक्र

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणारे सर वर्गात शिरले की आधी रुमालानं सूर्य पुसतात. थर्माकोलची ती सूर्यमाला काचेच्या कपाटात असते. पोरांनी तिला हात लावायचा नाही, लांबून ग्रहांची नावं पाठ म्हणायची. दर वाक्यानंतर सर "समजलं?" विचारतात आणि "समजलं!" हे उत्तरही स्वतःच देतात. इतका हुशार विद्यार्थी त्यांना दुसरा मिळालेला नाही.

मोहफुलांच्या दिवसांत त्यांनी विचारलं, "शुक्र कोणी पाह्यला?"

चौथीतली एक पोरगी उठली. "रोज दिसते सर. आमी मोहा वेचाले जातो तवा."

"बस खाली! ग्रह असा फुकट दिसत नाई. त्याले दुर्बीण लागते. समजलं? समजलं!"

मी शेजारच्या वर्गात शिकवत होते. सगळं ऐकलं आणि फळा पुसत राहिले.

त्याच आठवड्यात तालुक्याला मीटिंग होती. पहिल्या एसटीसाठी आम्ही दोघं अंधारातच फाट्यावर उभे होतो. सरांचा मोबाईल बंद पडला होता आणि माझ्याकडे घड्याळ नव्हतं. तेवढ्यात तीच पोरगी टोपली घेऊन आईमागून निघाली.

"का वं, उजाडाले किती टाइम आहे?" सरांनी विचारलं.

तिनं मोहाच्या शेंड्यावर लखलखणाऱ्या शुक्राकडे पाहिलं. "आता होते सर. थोडासाच आहे."

"तुले कसं माहीत?"

ती वर बोट दाखवणार होती. मग तिनं हात टोपलीखाली घेतला.

"असंच सर."

सरांनी शिकवलेलं पहिल्यांदाच कुणाच्या तरी पक्कं लक्षात राहिलं होतं.