खोडलं-बाई

आमच्या टायपिंगच्या बाई कोणावरही एकदाच रागवत नसत. दोनदा रागवायच्या. पहिलं वाक्य तोंडातून सुटायचं ते थेट पांढुर्ण्याच्या बाजारातलं. मग त्या डोळे मिटायच्या, फळा पुसावा तसा उजवा हात हवेत फिरवायच्या आणि म्हणायच्या, "खोडलं." त्यानंतर दुसरं वाक्य यायचं. ते मात्र धुतलेलं, इस्त्री केलेलं, रविवारच्या उपासनेत शोभेल अशा मराठीतलं.

माझ्या पहिल्याच दिवशी त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "काऊन वो, बोटं हायेत का मुसळं? कीबोर्ड कांडून राहिली का?" मी घाबरून हात मांडीवर घेतले. बाईंचे डोळे मिटले, हात फिरला. "खोडलं. संगीता, बोटं जरा हलकी ठेव हं, बाळ."

शेजारच्या मुली गालात हसत होत्या. त्यांना हे रोजचं होतं. काही जणी तर दोन्ही वाक्यं ऐकायला मिळावीत म्हणून मुद्दाम चुका करायच्या. बाईंचं खरं नाव करुणा. पण पांढुर्ण्यात त्यांना त्या नावानं ओळखणारं कोणी नव्हतं. सगळ्यांच्या त्या खोडलं-बाई.

स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांची एक खोली होती. सहा कॉम्प्युटर, एक पंखा आणि भिंतीवर साधा लाकडी क्रूस. मी तिगावहून सकाळच्या पॅसेंजरनं यायची. आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिलीच, त्यामुळे बी.ए.च्या पुढे काय करायचं हे सांगणारं घरात कोणी नव्हतं. कारकुनाच्या जागेसाठी हिंदी टायपिंगची परीक्षा पास व्हावी लागते, एवढं कॉलेजातल्या एका मैत्रिणीकडून कळलं होतं. आमचा भाग मध्य प्रदेशात, म्हणून घरी मराठी बोलायचं आणि बोटांनी हिंदी लिहायचं, अशी आमच्या भागातल्या सगळ्या पोरांची कसरत. बाईंकडे प्रत्येक बटनावर हिंदी अक्षराची छोटी चिकटपट्टी लावलेली होती. एक बटन मात्र कुठल्याच कीबोर्डवर नव्हतं. बॅकस्पेस. बाईंनी सहाही ठिकाणचं ते स्क्रूड्रायव्हरनं उपटून टाकलं होतं.

"बोटांनी चूक केली तर ती दिसू दे," त्या म्हणायच्या. "खोडायची सोय फक्त तोंडाले आहे. अन् तीही मलेच जास्त लागते."

गाडी लवकर पोचायची म्हणून मी वर्गाच्या अर्धा तास आधी यायची. त्या वेळी बाई खिडकीशी बायबल वाचत बसलेल्या असायच्या. वाचून झालं की एक लांबट वही उघडायच्या. डाव्या पानावर आदल्या दिवशीची पहिली वाक्यं, उजव्या पानावर दुसरी. डावं पान समोर ठेवून प्रार्थना करायच्या. ती प्रार्थना मी बाहेरच्या बाकावरून ऐकली आहे. "प्रभू, कालचीच करुणा आज परत आली तर तिला दारातच थांबव. आत आली की ती ऐकत नाही."

एकदा मी विचारलं, "बाई, इतकी वर्षं लिहून राहिल्या, तरी पहिलं वाक्य येतंच ना?"

"येते ना. बायबलात पौलानं लिहून ठेवलं आहे का मन नवं होऊ द्या म्हणून. एकदा नवं झालं अन् संपलं, असं त्यानं कुठं लिहिलं? आंघोळ एकदा करून भागते का तुह्यं?"

मग जरा थांबून म्हणाल्या, "पण पहिले दुसरं वाक्य यायले आठवडा लागे. आता श्वासभर लागते. येशूनं एवढं तरी केलं माह्यासाठी. माह्या एकटीच्यानं तेही झालं नसतं."

त्या वहीच्या पहिल्याच पानावर एक वाक्य होतं आणि त्याच्या समोरचं पान कोरं होतं. ते वाक्य शेषरावला बोललेलं. शेषराव रामाकोन्याचा, वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते, खडखडणारी मशिनं होती. त्याला बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "तुही बोटं वखराचीच हायेत, तिथंच शोभतात." दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. बाईंनी आठवडाभर वाट पाहिली, मग पाहत राहिल्या. वहीची सुरुवात तिथून झाली.

"माणूस जाते, वाक्य राहते," बाई म्हणाल्या आणि वही मिटली. रामाकोना काही लांब नाही, सौंसरची बस धरली की झालं. पण बाईंना जायचा धीर झाला नव्हता. "तो म्हणेल, तुमच्यापायी माहं आयुष्य गेलं. मग मी काय बोलू त्याले?"

माझ्या आईला या सगळ्याची काळजी वाटू लागली. आमच्या घरी बुद्धवंदना होते, आणि मी संध्याकाळी येऊन येशूच्या गोष्टी सांगायची. एक दिवस आई माझ्याबरोबरच गाडीत बसली. वर्गात येऊन तिनं क्रूसाकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, "बाई, पोरीले टायपिंग शिकवून राहिल्या का अजून काही?"

"टायपिंगच," बाई म्हणाल्या. "तो जो भिंतीवर आहे तो माह्यासाठी आहे. मलेच पुरत नाही, तर तुमच्या पोरीले कुठून देऊ?"

आईला हे उत्तर इतकं आवडलं की परतीच्या गाडीत ती दोनदा एकटीच हसली.

मला मात्र बाईंनी एक वेगळी वही आणायला लावली. माझं तोंड चांगलंच होतं. माझा घोळ आत होता. चूक झाली की मी पुटपुटायची, "माह्यानं होत नाही." बाई म्हणाल्या, "हे तुहं डावं पान. उजव्या पानावर काय लिहायचं ते मी सांगणार नाही. मी माह्या येशूले विचारून लिहिते. तू कोणाले विचारायचं ते तू पाहा." माझं उजवं पान कित्येक महिने कोरंच राहिलं.

त्यांची शिकवायची रीत अशी होती. तीन महिने झाले की हातांवर संत्र्याचं खोकं यायचं. सौंसरकडून माल भरून जातो ते पुठ्ठ्याचं खोकं, दोन बाजू कापलेल्या. त्यात कीबोर्ड ठेवायचा, आत हात घालायचे आणि डोळे पडद्यावर ठेवायचे. अक्षरं दिसलीच नाहीत पाहिजेत. "जुनी बोटं डोळ्याले विचारून चालतात," बाई म्हणायच्या. "विचारायची सवय मोडू दे."

आता संत्र्याच्या खोक्याला हवा जावी म्हणून गोल भोकं असतात. माझ्या खोक्याचं एक भोक नेमकं वरच्या बाजूला होतं. मान जराशी झुकवली की त्यातून निम्मा कीबोर्ड हिंदी चिकटपट्ट्यांसह दिसायचा. उरलेला निम्मा दिसावा म्हणून मी भोक पेनानं थोडं मोठं केलं. दोन आठवड्यांत माझा वेग वर्गात पहिला आला. बाईंनी सगळ्यांसमोर पाठीवर थाप मारली, आणि त्या वेळी पहिलं वाक्यच इतकं गोड आलं की खोडायला काही उरलं नाही. मी घरी आईला तेच सांगितलं. भोकाचं नाही सांगितलं.

परीक्षेचं केंद्र छिंदवाड्याला होतं. तिथे बसले, खाली पाहिलं, आणि कीबोर्डवर एकही हिंदी अक्षर नाही. नुसती इंग्रजी. चिकटपट्ट्या फक्त बाईंच्याकडे होत्या, जगात कुठेच नव्हत्या. माझी बोटं बटनांवर तशीच पडून राहिली. वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा पडद्यावर दीड ओळ होती, तीही कुठल्याच भाषेत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना खोक्याच्या भोकाचं सगळं सांगितलं. वर्ग भरलेला होता. बाईंनी खोकं उचललं, भोकातून माझ्याकडे पाहिलं. मला हसूच येणार होतं, तेवढ्यात त्यांचं वाक्य आलं.

"तुह्यानं काय होते वो. तुही बोटं निंदणाचीच हायेत. तिथंच शोभतात."

सगळे दुसऱ्या वाक्याची वाट पाहू लागले. बाईंनी डोळे मिटले. हात वर गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना स्वतःचंच वाक्य ओळखू आलं होतं. वखराच्या जागी निंदण, एवढाच फरक. त्या वळून आतल्या खोलीत गेल्या. मी दप्तर उचललं आणि स्टेशनवर जाऊन बसले. माझी आई दुसऱ्यांच्या वावरात निंदण करते, तण उपटते. बाईंना ते माहीत होतं. आणि मला वाटलं, बाई खोटं बोलल्याच नाहीत.

पुढच्या तीन दिवसांत मी गाडी धरली नाही. कापूस फुटला होता, मी आईबरोबर वेचायला गेले. वही घरात कुठेतरी टाकली. परत जायचं नाही असं ठरवलंच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी बांधावरून कोणीतरी येताना दिसलं. पांढरी साडी, हातात चपला, काखेत संत्र्याचं खोकं. बाई तिगावला उतरून घर विचारत, मग वावर विचारत आल्या होत्या. सगळ्या बायका कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. बाई माझ्यासमोर आल्या. मला वाटलं, आता ते इस्त्रीचं वाक्य येईल. पण बाई पहिल्या वाक्याच्याच भाषेत बोलल्या.

"संगे, वीस वर्षांमागं एकाले असंच बोलली अन् घरात बसून राहिली. या वक्ती नाही बसली. खोडलं म्हणायले आली. तुही बोटं निंदणाची हायेत, कापसाची हायेत, अन् टायपिंगचीही होतील. खराब माही जीभ होती. चाल वापस."

मी मान खाली घालून पुढचं बोंड वेचलं. बाईंना गप्प उभं राहणं कधी जमलं नाही. त्यांनी खोकं खाली ठेवलं, पदर खोचला आणि माझ्या ओळीत कापूस वेचायला लागल्या. चांगला अर्धा तास वेचत होत्या. टरफलं टोचली, तोंडातून काय काय निघालं, ते सगळं त्या तिथेच खोडत होत्या. शेवटी आईनं त्यांची ओटी उघडून पाहिली.

"बाई, हा कापूस हाये का पाचोळा?" आई म्हणाली. "तुमची बोटं खुर्चीतलीच हायेत. तुमच्यानं होत नाही."

बाईंचा चेहरा पडला. आईनं शांतपणे डोळे मिटले, उजवा हात हवेत फिरवला. "खोडलं. बाई, बोंड असं खालून धरा अन् वरून ओढा. पत्ती येत नाही."

मी घरी नक्कल करून दाखवायची, तिथूनच आईनं ते उचललं होतं. सगळं वावर हसलं. बाई तर मटकन खाली बसल्या आणि डोळे पुसत हसत राहिल्या. मग त्यांनी बोंड खालून धरलं, वरून ओढलं. स्वच्छ कापूस आला. पहिलं वाक्य माणसाला तो काय आहे ते ऐकवतं आणि दुसरं त्यानं काय करायचं ते दाखवतं, हे मला त्या ओळीत उभं राहून कळलं. घरी येऊन मी वही शोधली आणि उजव्या पानावर लिहिलं, "अजून भोकातून पाहून राहिली. न पाहता केलं तर होईल."

आणलेल्या खोक्याची सगळी भोकं बाईंनी आधीच चिकटपट्टीनं बंद केली होती. पहिल्या महिन्यात माझा वेग वर्गात शेवटचा होता. पुढच्या परीक्षेत मी पास झाले. आता सौंसरला एका कार्यालयात कारकून आहे. चर्चमध्ये मी कधी गेले नाही, वंदना आमच्या घरी तशीच चालते. पण बाईंचा येशू मला बाईंच्या दुसऱ्या वाक्यात भेटला आहे, आणि काउंटरवर कोणी चुकीचा अर्ज घेऊन आलं की तो मला एक श्वासभर थांबवतो.

बाईंचे गुडघे गेले, तेव्हा भाचीनं त्यांना नागपूरला नेलं. निघताना त्यांनी एक कीबोर्ड मला दिला, बॅकस्पेस नसलेला. वही त्यांनी सोबत नेली. "डावं पान अजून भरूनच राहिलं," म्हणाल्या.

गेल्या महिन्यात माझ्या काउंटरवर रामाकोन्याचा एक अर्ज आला. नाव शेषराव, वय जुळणारं. मी धीर करून विचारलं, "काका, तुम्ही पांढुर्ण्याले कधी टायपिंग शिकत होते का?"

"हाव," ते खुलले. "पंधरा दिवस गेलो असन. त्या बाई आहेत का अजून?"

"त्या तुम्हाले काही बोलल्या होत्या. म्हणून तुम्ही सोडलं ना?"

"बोलल्या असतील. त्या साऱ्यालेच बोलत." ते आठवू लागले, पण काही आठवेना. "म्या तर लग्न जमलं म्हणून सोडलं. सासऱ्याची संत्र्याची बाग होती, कोण टायपिंग करते मंग?"

त्या संध्याकाळी मी बाईंना फोन लावला आणि जसंच्या तसं सांगितलं.

"म्हणजे त्या गाढवासाठी मी इतकी वर्षं गुडघे झिजवले," बाई म्हणाल्या, "अन् तो तिकडे संत्री खाऊन राहिला?"

मी थांबले. फोनमध्ये पंखा फिरत होता. त्यांचे डोळे मिटलेले आणि हात फिरणारा, हे मला न पाहता दिसलं.

"खोडलं," बाई म्हणाल्या. आवाज हसून ओला झाला होता. "बरा आहे ना पण तो? लेकरं किती?"

"दोन. थोरलीले टायपिंग शिकायचं आहे, म्हणे. बाई पांढुर्ण्याले असत्या तर पाठवलं असतं, असं म्हणत होते."

"मग तू शिकव," बाई म्हणाल्या. "पण खोक्याची भोकं आधी बुजव."