अँप्लिफायरखालची चिठ्ठी

आमच्या ऑर्केस्ट्राचे अँप्लिफायर दुरुस्त करणारा इतवारीतला मेकॅनिक बोलताना समोरच्याकडे बघत नाही. स्क्रू फिरवत बोलतो आणि स्क्रू निघाला की वाक्य संपवतो. दुरुस्त केलेल्या प्रत्येक पेटीखाली तो आपल्या नावाची चिठ्ठी मात्र न चुकता चिकटवतो.

रॉक संगीताच्या धंद्यावरची एक मालिका तो आणि मी दोघंही बघायचो. परवाच्या भागात कंपनीच्या मालकानं बँडच्या रेकॉर्डवरून ड्रमरचं नाव गाळलं. चाहत्यांच्या ग्रुपवर दिवसभर त्या मालकाला शिव्या पडत होत्या. मीही चार हासडल्या. मेकॅनिकही त्याच ग्रुपवर, पण त्यानं एक अक्षर लिहिलं नाही.

रविवारी तो माझ्या दारात हजर.

"भाऊ, तुमचा अँप्लिफायर काढा."

"काहून गा? चांगला चालून राहिला."

"चालून राहिला, पण चिठ्ठी चुकली."

त्यानं पेटी उलटी केली, जुनी चिठ्ठी नखानं खरवडली आणि नवी लावली. तिच्यावर त्याच्या नावाच्या वर बायकोचं नाव होतं. ती उमरेडच्या विणकराची लेक, त्यानं सांगितलं. माहेरी मागासाठी सुताच्या कांड्या भरायची, आता याच्या ट्रान्सफॉर्मरच्या तारेचं सगळं वाइंडिंग घरी तीच करते. इतक्या वर्षांत मला हे ठाऊकच नव्हतं.

"सगळ्या गिऱ्हाइकांकडे जाणार का?"

"कन्हानचे दोन अन् रामटेकचा एक राहिला." मग त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघून विचारलं, "तुमच्या बॅनरवर ऑक्टोपॅडवाल्याचं नाव हाये का जी?"

बॅनर मीच छापून आणतो.