घरोघरी जाऊन खोडलेले वाक्य

आनंदराव गुरुजींना मी पहिल्यांदा पाहिले ते पंचगंगेच्या घाटावर. कोल्हापुरात महाराजांनी उघडलेल्या वसतिगृहात मी नुकताच दाखल झालो होतो. सकाळी धुणे घेऊन नदीवर गेलो, तर बायका कपडे धूत होत्या आणि त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले एक गृहस्थ मन लावून दगड धूत बसले होते. त्यांच्या डोक्यात काही बिघाड असावा, अशी माझी खात्री झाली. त्यांनी मान वर करून विचारले, “काय पावणं, ह्या दगडाचं वय किती असंल?”

“दगडाला कसलं वय?” मी म्हणालो.

“मग पौषात चला आमच्यासंगं. त्याच्या भावकीलाच भेटू.”

दुसऱ्या दिवशी वर्गात कळले, की आम्हांला भूगोल शिकवणारे गुरुजी ते हेच.

दर पौषात गुरुजींची सहल निघते. फोंडा घाट उतरून देवगडच्या किनाऱ्यापर्यंत पायी जायचे, वाटेतला खडक हाताने चाचपून बघायचा, आणि शेवटी समुद्राने कापलेल्या उंच कड्याखाली बसून गुरुजींचे ऐकायचे. शिधा बैलगाडीत, माणसे पायी. विद्यार्थी, गवंडी, दुकानदार, कोणीही यावे. मात्र भात एकाच पातेल्यातला आणि पंगत एकच. ज्यांना हे चालत नसे, त्यांना गुरुजी कोल्हापुरातच हात जोडून निरोप देत.

माझ्या आईला समुद्राची धास्ती होती. गुरुजी आमच्या गावी आले, झुणका-भाकरी खाल्ली आणि सहलीचा विषय काढला. “समुद्र बघून पोट भरतंय व्हय?” आईने फटकन विचारले. “न्हाय भरत,” गुरुजी म्हणाले, “पर भूक लई चांगली लागती.” आईला हसू आवरेना. मी गेलो आणि पुढे प्रत्येक पौषात जात राहिलो.

त्या कड्याच्या पायथ्याशी आपल्या देशावरचाच काळा दगड आहे, मध्ये रंगीबेरंगी चिकट माती आहे आणि वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा. मधल्या मातीचा खडा गुरुजी प्रत्येकाला जिभेला लावून पाहायला सांगत. तो जिभेला चिकटे आणि सोवळ्याच्या घरातल्या मंडळींची मोठी पंचाईत होई. मग ते सर्वांना वहीत एक वाक्य लिहायला लावीत: ‘जांभा हा काळ्या दगडावर मागाहून येऊन बसलेला निराळा दगड आहे.’ मीही ते लिहिले, आणि शिक्षक झाल्यावर स्वतःच्या वर्गात ठासून शिकवले.

काही वर्षांनी सहलीला उचगावचे दस्तगीरभाई आले. त्यांचा धंदा विहिरी खणण्याचा. कड्याच्या घळीतून उतरताना ते पहारीने ठिकठिकाणी ठोकून बघत होते. खाली आल्यावर म्हणाले, “गुरुजी, दगडावर दगड बसला की मधी जोड असतोय. हितं जोडच न्हाय. काळा दगडच वर मऊ पडत गेलाय, त्याची माती झालीया, आन् तीच पुढं तांबडी झालीया. ह्यो सगळा एकच दगड हाय.”

मी तापट माणूस. “भाई, तुम्ही विहिरी खणा,” मी सर्वांदेखत म्हणालो, “गुरुजींना शिकवू नका.”

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. ते घळीत चढले, बोटाने दगड चाचपत खाली उतरले, पुन्हा चढले. भरतीचे पाणी आमच्या पायांशी आले, तेव्हा ते परत येऊन म्हणाले, “वह्या काढा. ते वाक्य खोडा. दस्तगीर सांगत्यात ते खरं हाय. मी चुकलो.”

गुरुजी एवढ्यावर थांबले नाहीत. आधीच्या सहलींना आलेल्या सर्वांची त्यांनी यादी केली आणि दर रविवारी एकेकाच्या घरी जाऊ लागले. पत्रे पाठवू या, असे मी सुचवले. “चूक तोंडानं सांगितली, तर दुरुस्तीबी तोंडानंच,” एवढे बोलून त्यांनी चपला घातल्या. जोतिबाच्या डोंगरावर गुलाल विकणाऱ्या एका जुन्या सोबत्याने सांगितले, “त्या वहीच्या पुड्या बांधून संपल्या की गुरुजी.” गुरुजींनी त्याला समोर बसवून ‘जांभा हा काळ्या दगडाचाच झाला आहे’ हे नवे वाक्य तीनदा म्हणायला लावले. गिऱ्हाईक खोळंबले होते.

आता गुरुजींना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त हा गौरवग्रंथ काढायचे ठरले, तेव्हा आम्हा जुन्या विद्यार्थ्यांच्या मंडळातल्या काहींना वाटले की गौरवाच्या पुस्तकात त्या चुकीचा विषय नको. गुरुजींना हे कळले. “मग शालबी ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. चूक छापायची आणि लेख मीच लिहायचा, ही त्यांची अट. मीच का, ते त्यांनी सांगितले नाही. मला मात्र नेमके समजले. दस्तगीरभाईंची क्षमा मी कधी मागितलीच नव्हती.

म्हणून हा लेख छापखान्यात देण्याआधी मी उचगावला गेलो, भाईंचे पाय धरले आणि त्यांना तो वाचून दाखवला.

“समदं बरोबर हाय, मास्तर,” ते म्हणाले, “पर एक ऱ्हायलं. मी आपणहून आलो न्हवतो. गुरुजीच घरी आलते. म्हणाले, ‘मला माझ्याच बोलण्याचा संशय येतोय. माझी पोरं माझ्याम्होरं बोलायची न्हाईत. तू चल, ठोकून बघ, आन् चुकत असलो तर समद्यांदेखत सांग.’”

मी तिथेच मुलासारखा रडलो. आम्ही गुरुजींवर इतके प्रेम केले, की त्यांना खरे सांगणारा माणूस उचगावहून आणावा लागला.

गुरुजींच्या यादीतली चार माणसे अजून भेटायची आहेत आणि त्यांचे गुडघे आता कुरकुरतात. परमेश्वराने त्यांच्या पायांत बळ द्यावे आणि त्यांना उदंड, निरोगी आयुष्य द्यावे. येत्या पौषात त्या कड्याखाली गुरुजी कुठे चुकले, तर ते मी सांगेन.