गळा अडतीस

“बाबल्या! मागं फिर! पाणी चढतंय!”

युसूफभाई ओरडत होता... माझ्या पाठीमागून, किनाऱ्यावरच्या पिकअपजवळून. आणि समोरच्या झाडीतून मला मापं सांगत होता, तोही युसूफभाईच!

थांबा, आधी ऐका. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. उलट भुतंच मला टरकून असायची. माझा आवाज असा, की मी दम्मामला शिंकलो तर समुद्रापलीकडं बहरीनमधली माणसं दचकतात. पण त्या दिवशी...

दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. मी सौदीत अबकैकला तेलाच्या प्लांटमध्ये स्कॅफोल्डर होतो, परांच्या बांधायचो; रत्नागिरीकडचा युसूफभाई माझा रूममेट. काम थंडावलं तसं कफीलनं, म्हणजे आमच्या अरबी मालकानं, आम्हां दोघांना कतीफजवळच्या खाडीत एका सर्व्हेवर धाडलं. तिथं आपल्या कोकणासारखीच तिवरं आहेत — वाळवंटाच्या कडेला, चिखलात, बुटकी! ही झाडं हवेतला कार्बन ओढून खोडामुळांत साठवून ठेवतात म्हणे. सर्व्हेचे साहेब म्हणाले, खोडाचा घेर मोजला की आत किती साठलाय त्याचा अंदाज लागतो.

“म्हणजे कंबर मोजून पोटातला माल ओळखायचा!” युसूफभाई हसला. “तुझी मोजली तर नुसती बिर्याणी निघेल.”

कामाची रीत अशी — युसूफभाई टेप घेऊन आत शिरणार, घेर सेंटीमीटरात ओरडून सांगणार. मी बाहेरून तोच आकडा परत ओरडायचा आणि लिहायचा. वाऱ्यात चूक नको म्हणून.

इथंच माती खाल्ली. तिवरांत एका हाकेला ओ द्यायची नाही, हे आमच्या गावात पोरांनाही ठाऊक असतं. खरा माणूस तीनदा हाक मारतो, ‘ते’ एकदाच. पण पगारी काम म्हटल्यावर कसलं काय... सकाळपासून मी प्रत्येक हाकेला ओ देत सुटलो होतो.

आवाज हळूहळू आत सरकत गेला, तसा ऐकू यावं म्हणून मीही आत.

“घेर बावीस!”

“बावीस!”

“घेर एकोणीस!”

“एकोणीस!”

ओहोटी सरून भरती कधी लागली, पाणी गुडघ्यावर कधी आलं, पत्ताच नाही. मग समोरून आलं —

“गळा अडतीस.”

“गळा अडतीस!” सवयीनं मी ओरडलो... आणि हात आपसूक कॉलरवर गेला.

“छाती शहाण्णव.”

झाडाला कसली छाती? ईदच्या आधी युसूफभाईसोबत शिंप्याकडं गेलो होतो, तिथं दिलेली माझी मापं ही!

नेमकी तेव्हाच मागून ती आरोळी आली. दोन युसूफभाई. आवाज हुबेहूब. पाणी मांडीला लागलेलं, एक पाय चिखलानं धरलेला. चुकीच्या बाजूला गेलो तर खलास. मी ओठ घट्ट मिटले. कुणालाच ओ दिली नाही.

“बाबल्या,” समोरून. हळू, मायेनं. बस, एकदाच.

मागून पुन्हा, “बाबल्या रे!” आणि मग, “अरे बाबल्या, मेल्या, बहिरा झालास काय?”

तीन हाका झाल्या! बूट चिखलाला दान करून मी वळलो आणि असा पळालो, की उंट लाजला असता. माझ्यामागं पावलागणिक काटक्या मोडत होत्या... शपथ, हे मात्र वाढवून सांगत नाही.

युसूफभाई पिकअपला टेकून बसला होता, पायाला फडकं. पहिल्याच झाडाशी शिंपला रुतला म्हणून तो सकाळीच बाहेर आला होता. मला सांगितलं म्हणे, पण मी झाडीकडं तोंड करून आकडे ओरडत होतो.

साहेबांनी नंतर ती झाडं पुन्हा मोजली. सगळे घेर बरोबर! खोटं रचण्यात मी कुणाला हार जायचा नाही, पण याचा उलगडा करायला आजवर एक धड खोटंसुद्धा सापडलेलं नाही.

त्या दिवशी धाप लागलेली असतानाच मी विचारलं होतं, “युसूफभाई, मग आत माप कोण घेत होतं?”

त्यानं पायावरचं फडकं आवळलं. “मला काय ठाऊक? ओ तर तू देत होतास.”