जकातबाईंची कुलपातली बाटली

दुधाची पिशवी घरात आली की जकातबाई ती आधी उजेडात धरायच्या, मग हलवायच्या, मग कानाशी नेऊन ऐकायच्या. दूध त्यांना काय सांगायचं कोण जाणे, पण ऐकल्याशिवाय ते चुलीवर चढत नसे. कुलूप लावून अर्धा जिना उतरल्या की परत वर येऊन ते ओढून बघायच्या. त्यांचे यजमान जन्मभर बस चालवून निवृत्त झालेले, शांत डोक्याचे. ते म्हणायचे, लग्नाआधी हिने माझी जेवढी चौकशी केली तेवढी पोलिसांनी कुणा दरोडेखोराचीही केली नसेल, आणि निकाल अजून लागलेला नाही.

जकातबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते प्रयोगशाळेतल्या लोकांनी ठेवलेलं, कारण तपासून घेतल्याशिवाय त्यांच्या टेबलावरून काही पुढे जात नसे. त्यांच्या पाठीमागेच घ्यायचे सगळे ते नाव. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

त्यांचं काम पेशी वाढवण्याचं. शरीराबाहेर काढलेल्या पेशी प्लास्टिकच्या चपट्या बाटल्यांत जगतात. त्यांना उबदार कपाटात ठेवायचं, गुलाबी पातळ खाद्य द्यायचं, दाटी झाली की नव्या बाटलीत हलवायचं. जकातबाईंनी हे इतकी वर्षं केलं होतं की त्या पेशींना सरळ ‘माझी पोरं’ म्हणत. दुसऱ्यांच्या खाद्यात बुरशी यायची. बाईंच्या कधी नाही. कारण बाईंनी सामाईक खाद्याला हात लावणंच सोडलं होतं. कोण कसले हात घेऊन येतं, कुणास ठाऊक! त्यांची खाद्याची बाटली वेगळी, कुलपाच्या फ्रिजमध्ये, आणि किल्ली गळ्यात.

प्रयोगशाळा एका विषाणूच्या मागावर होती. अख्खा विषाणू तिथे नव्हताच, त्याचे निरुपद्रवी तुकडे होते. तरी बाई हातमोज्यांवर हातमोजे चढवत. मोठा बिलंदर विषाणू. पेशीत शिरला की आपल्या आरएनएवरून उलटा डीएनए बनवतो आणि पेशीच्या जनुकांत घरचाच असल्यासारखा जाऊन बसतो. मग पेशी बिचारी त्याचेही निरोप आपलेच समजून लिहीत राहते. पण पेशीच्या केंद्रकाला एक शिस्त असते. लिहिलेल्या लांबलचक निरोपातला फापटपसारा कापून, तुकडे सांधून झाल्याशिवाय तो बाहेर सोडायचा नाही. विषाणूला मात्र अख्खा, न कापलेला निरोपही बाहेर हवा असतो, त्यावाचून त्याची नवी पिढी घडत नाही. म्हणून तो आधी एक छोटा, नीट कापलेला निरोप रीतसर बाहेर पाठवतो. त्यातून एक प्रथिन बनतं, ते परत केंद्रकात येतं, न कापलेल्या निरोपाचा हात धरतं आणि पेशीच्याच हमालाच्या मदतीने त्याला दाराबाहेर काढतं. त्या प्रथिनाला प्रयोगशाळेत सगळे वाटाड्या म्हणत. बाईंना या विषाणूचा राग यायचा, आणि त्याच्याइतका सावध गडी पाहिला नाही असंही वाटायचं.

नव्याने आलेल्या संशोधक मुलीकडे याच वाटाड्याचं काम होतं. तिला दोन जातींच्या पेशी लागत, त्या बाई वाढवून देत. एकीत वाटाड्याचं जनुक कायमचं बसवलेलं, दुसरी कोरी. दोन्हींत विषाणूचा निरोप घालायचा, मग पेशी अशा हलक्या हाताने फोडायच्या की आतलं केंद्रक फुटणार नाही, आणि न कापलेला निरोप कुठे आहे ते बघायचं. वाटाड्या असेल तिथे तो बाहेर सापडायला हवा. कोऱ्या पेशीत आतच अडकायला हवा. मुलीला तो कोऱ्या पेशीतही बाहेर दिसायला लागला. एकदा नाही, दर वेळी.

जकातबाईंच्या मनात पाल चुकचुकलीच होती. मुलगी काम करताना गुणगुणते. फोन टेबलावर ठेवते. हात जड असणार, केंद्रकं फोडून ठेवत असणार, नाहीतर नळ्यांची अदलाबदल. बाई दाराच्या काचेतून बघत राहायच्या, ती जेवायला गेली की तिचा कचऱ्याचा डबा तपासायच्या. सापडलं काहीच नाही, म्हणून तर संशय आणखी वाढला. इतकं स्वच्छ कोण असतं?

शेवटी प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांनी बाईंना बोलावून सांगितलं की महिनाअखेरपर्यंत हा घोळ सुटला नाही तर मुलीची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. बाईंचं मत काय? बाई म्हणाल्या, हात जड आहे.

ही गोष्ट मुलीच्या कानावर गेली असावी. दुसऱ्या दिवशी ती बाईंच्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

“काकू, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“ते विचारण्यावर आहे.”

मुलगी म्हणाली की तिने पेशीचे स्वतःचे न कापलेले निरोपही शोधून पाहिले. ते सगळे केंद्रकातच आहेत. केंद्रकं फुटली असती तर तेही बाहेर सांडले असते. बाहेर पडतोय तो फक्त विषाणूचा. म्हणजे त्याला कुणीतरी हात धरून नेतंय.

“कोण नेतंय?”

“वाटाड्या. काकू, कोऱ्या पेशी कोऱ्या राहिलेल्या नाहीत.”

“माझ्या?” बाईंनी चष्मा काढला. “तू पाटीवर रेघोट्या मारत होतीस ना, तेव्हापासून ही पोरं माझ्या हातात आहेत.”

मुलीने वाद घातला नाही. वाटाड्याचं जनुक बसवताना त्या पेशींना एक औषध पचवण्याची ताकदही दिलेली होती. कोऱ्या पेशी त्या औषधाने मरतात. तेच औषध कोऱ्या पेशींवर घालून बघू, असं ती म्हणाली. सगळ्या मेल्या तर पेशी शुद्ध, दोष माझा, मी आपण होऊन जाईन.

बाई मनात म्हणाल्या, आली कचाट्यात. कोऱ्या पेशी एका ताटलीत घेऊन औषध त्यांनी स्वतः घातलं. ताटली चिकटपट्टीने बंद केली, पट्टीवर आडवी सही ठोकली, ताटली आपल्या कपाटात ठेवली आणि त्यालाही कुलूप. मुलीने हात लावायची सोयच ठेवली नाही.

पण घरी त्यांनी ताट बाजूला सारलं. आपलं म्हणणं खरं ठरायला आपलीच पोरं मरायला हवीत, हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. यजमानांनी विचारलं तर म्हणाल्या, काही नाही, मीठ जास्त झालंय. मीठ त्यांनीच घातलं होतं.

पट्टी काढून ताटली उघडायची गरज नव्हती, तळातून सूक्ष्मदर्शक लावला की दिसायचं. पेशी गोल झाल्या, सुटल्या, तरंगायला लागल्या. मुलीने ते पाहिलं आणि जाऊन आपला ड्रॉवर आवरायला घेतला. बाईंना जिंकल्याचं सुख व्हायला हवं होतं. ते कुठे अडकलं होतं कोण जाणे.

त्यानंतर एका सकाळी बाईंनी पुन्हा ताटली पाहिली, चष्मा पुसून परत पाहिली. मेलेल्यांच्या पसाऱ्यात जागोजाग बेटं दिसत होती. जिवंत, तुकतुकीत, भराभर वाढणारी.

पहिला विचार अर्थातच आला की हे मुलीने केलं. त्यांनी पट्टी पाहिली, सही शाबूत. कुलूप पाहिलं, ओरखडा नाही. किल्ली गळ्यात. संशय घ्यायला कुणी उरलंच नव्हतं. बाईंनी गळ्यातला जुडगा हातात घेतला, आणि कपाटाच्या किल्लीशेजारची दुसरी किल्ली त्यांना दिसली.

फ्रिजची. आणि त्या फ्रिजमध्ये ती खाद्याची बाटली.

प्रत्येक जातीच्या पेशींना खाद्याची बाटली वेगळी, हा नियम त्यांनीच सगळ्यांच्या डोक्यात ठोकून भरला होता. आणि स्वतः मात्र एका बाटलीतून दोन्ही जातींना वाढत होत्या, कारण विश्वासाची तेवढी एकच होती. पिपेटच्या नळीचं टोक एकदा चुकून पेशींना लागलं असेल, तेच पुन्हा बाटलीत बुडालं असेल. थेंबाबरोबर वाटाड्यावाल्या चार पेशी आल्या असतील कोऱ्यांच्या घरात, आणि घरच्याच होऊन बसल्या.

खोलीत कुणी नव्हतं. ब्लीचची बाटली हाताशी होती. एक धार सोडली असती तर बेटं गेली असती, मुलगीही गेली असती, आणि बाईंचा हात जन्मभर शुद्ध राहिला असता.

बाईंनी ब्लीचची बाटली उचलली, खालच्या कप्प्यात ठेवली आणि बाहेर जाऊन हाक मारली.

“मुली, ड्रॉवर परत भर. आणि इकडे ये, बघ काय जगलंय ते.”

सरांना त्यांनी स्वतःच सांगितलं, मुलीला बोलू दिलं नाही. हात जड होता खरा, म्हणाल्या, पण तिचा नव्हे. मग जुन्या पेशींच्या सगळ्या बाटल्यांत ब्लीच ओतलं, तोंड दुसरीकडे करून. गोठवणीच्या टाकीत कुलपाची बाटली सुरू होण्याआधी ठेवलेली कोऱ्या पेशींची एक कुपी होती, ती काढून नव्याने सुरुवात केली. कुलूप गेलं. बाटल्या दोन झाल्या. बाई खाद्य घालायला बसल्या की मुलीला शेजारी बसवून म्हणायच्या, माझ्या हाताकडे बघ, त्याचा काही भरवसा नाही. मुलगी बघायची, आणि गुणगुणायची.

त्या आठवड्यात घरी दुधाची पिशवी आली. बाईंनी ती उजेडात धरली, हलवली, कानाशी नेली, आणि मग यजमानांपुढे केली.

“तुम्ही पण ऐका जरा.”

यजमानांनी पेपर खाली ठेवला, पिशवी कानाला लावली आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकत राहिले.