तेरड्याच्या पंगतीला काजू

पहिल्या वर्षाला असताना वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी आम्हा प्रत्येकाला दोन रोपं वाढवायला सांगितली, एक झाडाचं आणि एक फुलाचं. दोन्ही कुंड्यांमध्ये लावायची, कुणाला काय लागतं ते बघायचं, आणि दसऱ्याच्या सुट्टीआधी वर्गात आणून सगळ्यांसमोर सांगायचं. अट एकच, दोन्ही जिवंत पाहिजेत. मेलेल्या रोपाबद्दल मी कुणाला बोलू देणार नाही, असं मॅडम म्हणाल्या. माझ्या वाट्याला काजू आणि तेरडा आला.

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे कॉलेजचं काहीही घरी आलं की ते सगळ्यांचं होतं. अप्पा इथे म्हैसूरला मेटगळ्ळीच्या कारखान्यात लेथवर काम करतात. काजू हा शब्द ऐकून त्याच संध्याकाळी ते मार्केटातून पांढरेशुभ्र, अख्खे काजूगर घेऊन आले.

"बी भारीतलंच पाहिजे," ते म्हणाले.

मी भीत भीत सांगितलं की हे उगवणार नाहीत, टरफलासकट बी लागतं. अप्पांनी पुडी आईच्या हातात दिली. मग आईने त्या काजूंची खीर केली. अप्पांना मधुमेह आहे, म्हणून त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे वेगळ्या पातेल्यात, बिनसाखरेची. पुढे त्यांच्या कारखान्यातल्या, समुद्राकडच्या गावाहून आलेल्या एका सोबत्याने खरं बी आणून दिलं आणि ते उगवलंही. त्यानंतर अप्पा कारखान्यात "आमच्या मुलीचा काजू" असं बोलू लागले. त्यामुळे तो मेला असता तर फक्त माझे मार्क गेले नसते.

मी सकाळी कॉलेजला जायचे, म्हणून पाण्याचं काम आईकडे आलं. मी तिला नीट समजावलं होतं.

"तेरड्याला रोज पाणी. काजूला माती सुकली तरच, आणि थोडंच."

"म्हणजे ह्याच्या डोळ्यांदेखत त्याला रोज वाढायचं?"

"हो."

"बरं," आई म्हणाली. तिचं बरं मला तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आईबद्दल इथे थोडं सांगायला हवं. म्हैसूरमधल्या आमच्या मराठी लोकांच्या लग्नाकार्यात तुपाची वाटी आईच्याच हातात देतात, कारण ती पंक्तिभेद करत नाही. नवरदेवाच्या मामाला जेवढी धार, तेवढीच मांडव घालणाऱ्याला. लहानपणी कृष्णराजनगरच्या एका लग्नात वाढणाऱ्याने तिच्या शेजारच्या मुलीला तूप वाढलं आणि तिचं पान ओलांडून तो पुढे गेला. ते पान ती अजून विसरलेली नाही. आमच्या घरात लाडू अर्धा करायचा तर ती दोरा घेते.

थोड्याच दिवसांत तेरडा कळ्यांनी भरला आणि काजूची खालची पानं पिवळी पडू लागली. मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, पाणी जास्त होतंय, मुळं गुदमरताहेत. मला काही कळेना. एकदा तास झाला नाही म्हणून लवकर घरी आले, तर आई तांब्या घेऊन कुंड्यांपाशी वाकलेली.

एक तांब्या तेरड्याला. एक तांब्या काजूला. मग पुन्हा तेरड्याला अर्धा, आणि काजूपाशी येऊन ती म्हणाली, "घे रे, अर्धाच आहे. लाजू नकोस."

ती त्याला आग्रह करत होती!

"आई, अगं साकु!" मी ओरडले. साकु म्हणजे पुरे. घाबरले की माझ्या तोंडून कन्नडच येतं.

"काय साकु? बघ तोंड कसं उतरलंय त्याचं."

"पाण्यानेच उतरलंय."

"सुम्ने, उगाच काहीतरी सांगू नकोस. तोच तांब्या, तेच पाणी. तो दुसरा बघ कसा फुललाय."

मी काजूची कुंडी उचलून गच्चीवर उन्हात ठेवली. संध्याकाळी ती खाली, नळाजवळच्या सावलीत, तेरड्याला खेटून. "एकट्याला उन्हात बसवायचं आणि एकाला सावलीत," आई म्हणाली, "बघणारे काय म्हणतील?" मी माती बदलली, वाळू घातली, कुंडीखाली विटा ठेवल्या. वाळू घातली म्हणून आईने तेरड्यालाही मूठभर वाळू घातली. मी रडायच्या बेताला आले होते. सुट्टी जवळ येत होती आणि काजूला वरची चारच पानं हिरवी राहिली होती.

तोडगा मला पुस्तकात मिळाला नाही. संध्याकाळी आई चहा गाळत होती. माझ्या कपात साखर घातली, स्वतःच्या कपात घातली, आणि अप्पांचा कप तसाच त्यांच्यापुढे सरकवला.

"आई, अप्पांना साखर का नाही? हा पंक्तिभेद नाही का?"

"अय्यो, त्यांना पथ्य आहे की!"

"काजूलाही पथ्य आहे," मी म्हणाले. "पाण्याचं."

आईने गाळणं खाली ठेवलं.

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं ना, थोडंच द्यायचं म्हणून."

"थोडं द्यायचं म्हणणं वेगळं, बाई. पथ्य आहे म्हणणं वेगळं." आणि ती तशीच बाहेर जाऊन काजूची कुंडी उचलून गच्चीवर ठेवून आली.

त्या दिवसापासून काजूवर पहारा बसला. पाऊस आला की आई हातातलं काम टाकून छत्री घेऊन गच्चीवर धावायची. एकदा अप्पांनी पिऊन उरलेलं पाणी सवयीने त्या कुंडीत टाकलं.

"तुम्ही स्वतः चोरून जिलेबी खाता," आई म्हणाली, "आता त्यालाही बिघडवा."

त्यानंतर संध्याकाळी बिनसाखरेचा चहा घेऊन अप्पा गच्चीवर काजूशेजारी बसू लागले. "आमची पंगत वेगळी," असं मला म्हणाले.

काजूला नवी पालवी आली. कोवळी, तांबूस. आईने मला हाक मारून दाखवली.

सुट्टीआधी वर्गात सांगायचा दिवस आला. दोन्ही कुंड्या टेबलावर होत्या. इंग्रजीत बोलायचं होतं. तेरड्याला ओलावा लागतो, सावली चालते, आयुष्य थोडं, इथपर्यंत पाठ केलेलं आलं. काजूपाशी आले आणि सगळी वाक्यं गेली. शेवटी मी म्हणाले, "मॅडम, ह्याला पथ्य आहे." कन्नडमध्येही हाच शब्द, हाच अर्थ. सगळा वर्ग हसला, पण मागच्या बाकावरच्यांनीही मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "पुढे सांग." मग मी सरळ कन्नडमध्ये सगळं सांगितलं. आग्रहासकट.

घरी आल्यावर आईने आधी काजूची पानं तपासली. मग विचारलं, "सगळ्यांना सारखेच मार्क दिले ना?"

"नाही. मला बरे पडले. ज्यांची रोपं मेली त्यांना उभंच केलं नाही."

आईचा चेहरा पडला. "एवढ्या शिकलेल्या बाई," ती म्हणाली, आणि बेसन भाजायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी लाडूंचा डबा घेऊन वर्गात गेले. जेवढी मुलं तेवढे लाडू, मेलेल्या रोपांवाल्यांनाही एकेक, आणि मॅडमना एक. मॅडमना दोन देऊया, असं मी सुचवून पाहिलं होतं. आईने नुसतं माझ्याकडे बघितलं होतं.

मॅडमनी पहिला लाडू खाल्ला, "छान झालाय" म्हणाल्या आणि डब्यातला शेवटचाही उचलला. तो माझा होता. मी रिकामा डबा बंद केला. घरी हे अजून सांगितलेलं नाही.