बुरशीच्या डॉक्टरबाई

काचेची नळी खिडकीच्या उजेडात धरायची, नखाने तिच्यावर टिचकी मारायची, चष्मा कपाळावर सरकवून आत बघायचं आणि नळी परत जागेवर ठेवत म्हणायचं, "घाई तुम्हाला आहे, हिला नाही."

हिला म्हणजे बुरशीला. बाई बुरशीबद्दल अशा बोलायच्या, जशी ती आतल्या खोलीत झोपलेली त्यांची आत्या आहे आणि तिला उठवायची आपली छाती नाही.

सुरतेत भेस्तानला मेडिकलच्या दुकानाच्या वर त्यांची लॅब होती. दोन खोल्या आणि एक अरुंद जिना. त्या जिन्यात कोण बसलेलं नसायचं! ऊसतोडीत डोळ्यात पात गेलेली बाई, मिलच्या रंगाच्या पाण्यात उभं राहून बोटं कुजलेला कामगार, टोपलीत मांजर घेऊन आलेला शेठ, एकदा तर पिंजऱ्यासकट पोपट. शेठने तक्रार केली की माणसांच्या रांगेत जनावरं कशाला. बाई आतूनच ओरडल्या, "दोघांना कातडी आहे ना? मग बसा गप."

बाई मूळच्या अमरावतीकडच्या. मोठ्या डॉक्टर, कॉलेजात शिकवलेल्या. एरवी पुस्तकी बोलायच्या, पण चिडल्या की त्यांच्या तोंडून वऱ्हाडी बाहेर पडायची. माझ्याशी त्या पहिल्याच भेटीत वऱ्हाडीत बोलल्या, यावरून काय ते समजा.

मी वरातीच्या घोड्या भाड्याने देतो. नंदुरबारकडून सुरतेला आलो तेव्हा नवागामच्या लूमवर होतो. मग दुसऱ्याच्या घोडीचा लगाम धरला, मग स्वतःची घोडी घेतली, आणि आज दिंडोलीत माझा वाडगा, म्हणजे घोड्या बांधायचं आवार, आहे. चार घोड्या, एक बग्गी. कोणाच्या बापाचं काही घेतलेलं नाही. जे केलं ते बोलून, भांडून, घासाघीस करून केलं. त्यामुळे मला कोणी थांब म्हटलं की माझं डोकं फिरतं. आणि या बाईंचा सगळा धंदाच थांबण्याचा.

लग्नसराई तोंडावर होती. चांदणीच्या, म्हणजे माझ्या पांढऱ्या घोडीच्या, मागच्या पायावर गाठी आल्या. खुरापासून वर, दोरीत मणी ओवावेत तशा एका ओळीत. खालच्या फुटल्या, पिवळं पाणी वाहू लागलं. चांदणीचा खरारा माझी बायको करते. थोड्याच दिवसांत तिच्या मनगटावर एक गाठ आली, मग तिच्यावर दुसरी. तशीच ओळ.

नेहमीच्या जनावरांच्या डॉक्टरने पाय बघितला आणि दोन पावलं मागे सरला. "ग्लँडर्स असू शकतो," म्हणाला.

घोडेवाल्याच्या घरात हा शब्द कोणी मोठ्याने बोलत नाही. ग्लँडर्स निघाला की सरकार घोडी मारतं, खड्डा करून पुरतं. माणसाला झाला तर माणूसही वाचेलच असं नाही. डॉक्टर म्हणाला, "एखादे वेळी बुरशीही असते. अगदी अशीच दिसते. भेस्तानच्या बाईंना बोलवा."

बाई येणार म्हणून आम्ही तयारी केली. आता घोडेबाजारात वाढलेल्या माणसाला तुम्ही ओळखत असाल तर तुम्हाला कळेल. आमच्यात घोडी कधी घाणेरडी दाखवत नाहीत. गिऱ्हाईक असो, पाहुणा असो, डॉक्टर असो. बायकोने चांदणीची आयाळ विंचरली, अंगाला तेलाचा हात फिरवला, जखमा फिनाइलच्या पाण्याने धुऊन कोरड्या केल्या. स्वतःचा हातही साबणाने घासला, वर हळद लावली. घोडी अशी चमकत होती की नवरदेवाने उडी मारून बसावं.

बाई आल्या. वाकल्या, पायाचा वास घेतला आणि ताठ झाल्या.

"हे कोणं धुतलं?"

"मी," बायको कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाली.

"काऊन धुतलं? मी का घोडी विकत घ्यायले आली?" बाईंचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "जे पाहायले आली तेच मारून टाकलं! त्या नळीत मी काय पेरू आता, फिनाइल?"

शेजारचे बग्गीवाले कुंपणावरून बघत होते. माझ्या वाडग्यात, माझ्या बायकोला! मी म्हणालो, "बाई, आवाज खाली. स्वच्छता ठेवणं गुन्हा आहे का?"

"आज आहे," बाई म्हणाल्या.

जे खरवडून मिळालं ते त्यांनी घेतलं. मग हातमोजे काढून पिशवीत टाकत अगदी शांत आवाजात म्हणाल्या, "हे सरकारी डॉक्टरांना कळवावं लागेल."

मी हात जोडले. खरंच जोडले. म्हणालो, तुमची नळी उगवेपर्यंत थांबा. बुरशी निघाली तर कशाला कोणाला कळायला हवं? तुम्हाला स्वतःला काय वाटतं ते सांगा.

"मला बुरशी वाटते," त्या म्हणाल्या. "वाटते म्हणजे आहे असं नाही."

आणि जिचं घोडं कधी वरातीत नाचलं नाही, त्या बाईने माझ्या दारात उभं राहून फोन लावला.

सरकारी माणूस आला. चारही घोड्यांचं रक्त काढून हरियाणातल्या प्रयोगशाळेत पाठवलं, माझंही भविष्य त्याच डब्यात बर्फात घालून नेलं. जाताना म्हणाला, "भाई, घोडी बहार काढवानी नथी. एके नहीं." म्हणजे एकही घोडी बाहेर काढायची नाही. चांदणीला वेगळं बांधलं. बायकोने तिला हात लावायचा नाही, असं बाईंनी बजावलं. बायको दुरून तिच्याशी बोलायची आणि घोडी मान वळवून वळवून तिच्याकडे बघायची. बाहेर सराई सुरू झाली. दिंडोलीच्या रस्त्यावरून रोज संध्याकाळी बँड जायचा. बँड ऐकला की माझ्या घोड्या आपोआप पाय उचलायच्या. जागच्या जागी. ते बघवत नसे.

मी भेस्तानला चकरा मारू लागलो. पहिल्या नळ्यांत काहीच उगवलं नाही. बाई टिचकी मारायच्या, बघायच्या, ठेवायच्या. माझ्याकडे बघून "फिनाइल" एवढंच म्हणायच्या. इकडे बायकोच्या गाठी कोपरापर्यंत चढल्या. एक सर्जन म्हणाला, कापून टाकू. बाई म्हणाल्या, "कापू द्यायचं नाही. आणि परत धुतलं तर याद राखा." या वेळी त्यांनी न फुटलेल्या गाठींतून सुईने पू काढला. एक घोडीची, एक बायकोची. प्रत्येकीच्या दोन नळ्या. एक कपाटात, एक गरम पेटीत.

त्या दिवशी माझा तोल गेला. खांद्यावरचा रुमाल काढला, हातावर टाकला आणि टेबलावरून हात पुढे केला.

"हे काय?"

"सौदा," मी म्हणालो. "आमच्या बाजारात घोड्याचा भाव तोंडाने बोलत नाहीत. रुमालाखाली बोटं धरतात. ज्याने हात आधी काढला त्याने सौदा मोडला. धरा, आणि सांगा काय घेऊन बुरशी लिहून द्याल."

बाईंनी रुमालाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता नळी फेकून मारतील. पण त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, "मी बुरशी लिहिली आणि निघाला ग्लँडर्स, तर तुमची बायको कोणत्या औषधाने मरेल ते पण सांगा. तेही लिहून देते."

मी हात काढून घेतला. सौदा मीच मोडला. पुढच्या खेपेला सुरती घारीचा, तुपातल्या मिठाईचा, डबा नेला. त्यातली एक त्यांनी समोरच खाल्ली, बोटं पुसली आणि डबा परत दिला. "तूप बरं आहे. घाई तुम्हाला आहे, हिला नाही."

मग एका सकाळी त्यांचा स्वतःचा फोन आला. "या. बायकोलाही आणा."

कपाटातल्या नळ्यांत काळसर मखमल उगवली होती. गरम पेटीतल्या नळ्यांत मलईसारखा साका. बाई आनंदाने लाल झाल्या होत्या, एखाद्या मुलीचं लग्न ठरल्यासारख्या. "बघा. गारव्यात मखमल, उबेत मलई. दोन रूपं, पण बाई एकच. मातीत, गवतात, काट्यावर मखमल होऊन राहते. अंगात शिरली की मलई होते. घोडीला कुठंतरी काटा लागला असेल, तुमच्या बायकोला घोडीकडून मिळाली." त्यांनी बायकोला मायक्रोस्कोपमधून बघायला लावलं. बारीक देठांवर ठिपक्यांची फुलं होती.

बायको बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरबाई, मन्ही घोडीले मारतीन का?"

"बुरशी आहे, हे नक्की," बाई म्हणाल्या.

"म्हणजे ग्लँडर्स नाही ना?" मी ओरडलोच.

"तसं मी कुठं म्हटलं? एका घरात दोन पाहुणे राहू शकतात. सरकारचा कागद येऊ द्या."

सांगा, अशा माणसाचं काय करायचं? देवाने चांगली बातमी हातात दिली तरी ही बाई तिची शेपटी धरून बसणार. पण बायकोचं औषध त्यांनी त्याच दिवशी सुरू केलं. दुधात टाकायचे थेंब, रोज थोडे वाढवायचे. तोंडाला लोखंडाची चव येते, नाकाडोळ्यांतून पाणी गळतं. जनावरांच्या डॉक्टरशी बोलून चांदणीलाही तेच औषध चंदीतून. बायको नाक पुसत म्हणाली, "आता मलाही तोबरा बांधा, म्हणजे भांडी कमी घासावी लागतील." बाई हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

सरकारचा कागद आला तोवर सराई ओसरत आली होती. चारही घोड्या निर्दोष. बायको वाडग्यात खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. मी बाईंना फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही. "चला, त्या कापायला निघालेल्या सर्जनला कळवा," म्हणाल्या आणि ठेवला.

गाठी सुकल्या. खपल्या पडल्या. चांदणीच्या पायावर केस येऊ लागले. सराईच्या शेवटच्या मुहूर्तांसाठी एका मोठ्या घरची वरात आली, त्यांना पांढरीच घोडी हवी होती. मी औषध बंद करायचं ठरवलं. त्या औषधाने घोडी सारखी नाक गाळायची, आणि अशी घोडी मांडवापुढे कोण उभी करणार? बायकोचंही बंद केलं असतं, तिला थेंब नकोसे झालेच होते.

हे बाईंना कोणी सांगितलं ते मला आजही माहीत नाही, पण माझा संशय घरातच आहे. बाई रिक्षातून वाडग्यात उतरल्या. मला वाटलं, पुन्हा शेजाऱ्यांसमोर तमाशा. पण बाई थेट घोडीकडे गेल्या. चांदणीच्या पायावरून हात फिरवला, बायकोचा हात उजेडात धरून बघितला. मग माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, पांढऱ्या कोटाचं एक टोक स्वतःच्या हातावर ओढलं आणि हात पुढे केला.

"सौदा."

मी हात आत घातला. त्यांचा हात गार होता, स्पिरिटचा वास येत होता. एक बोट म्हणजे एक महिना, एवढं त्या म्हणाल्या. मी काहीच दिलं नाही, मूठ मिटून घेतली. त्यांनी माझी तीन बोटं ओढून धरली. मी एक सोडवलं, दुसरं सोडवायला गेलो. बाईंनी ती दोन बोटं अशी आवळली की मला त्यांची हाडं लागली. बाजारात मी भल्याभल्यांना घाम फोडलाय. पण हा हात भाव करत नव्हता, पडणाऱ्याने दोर धरावा तसा धरून होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की बाई घाबरल्या आहेत. माझ्या घोडीसाठी, माझ्या बायकोसाठी, आणि माझ्यापेक्षा जास्त.

"दोन," मी म्हणालो.

"रोज. दोघींना. एक दिवस न चुकवता."

"मंजूर. पण बाई, माझी एक सराई तुम्ही बुडवली. ती मी विसरणार नाही."

त्यांनी हात काढला नाही. "मग मागा. काय मागता?"

माझ्या डोक्यात राग होता, शब्द नव्हते. "आत्ता नाही," मी म्हणालो. "विचार करून सांगेन."

"घाई मलाही नाही," बाई म्हणाल्या, आणि रिक्षात बसल्या.

ती वरात दुसऱ्याच्या घोडीने केली. पुढच्या सराईला चांदणी नाचली. पाय असा, की कुठे गाठ होती ते मलाच शोधावं लागतं. बायकोच्या हातावर मात्र मनगटापासून वर फिकट ठिपक्यांची ओळ राहिली आहे.

यंदा बाजारातून आणलेल्या एका घोडीच्या मानेवर काहीतरी उठलं. मी कोणालाही पाणी लावू दिलं नाही. धूळ, माश्या, पू, सगळं जसंच्या तसं ठेवलं. बाईंनी शिकवल्याप्रमाणे न फुटलेल्या गाठीतून जनावरांच्या डॉक्टरकडून नमुना काढून घेतला आणि स्वतः भेस्तानला गेलो. काय मागायचं तेही वाटेत ठरवलं होतं. एवढंच, की सराई बुडाली तेव्हा तुम्हाला वाईट वाटलं होतं, हे एकदा तोंडाने म्हणा. त्या काय उत्तर देतील तेही मला माहीत होतं. वाटलं होतं, पण फोन परत तसाच केला असता.

वर शटर ओढलेलं होतं. मेडिकलवाला बाहेर आला. "बेन तो गुजरी गयां, वारल्या. अमरावतीला बहिणीकडे गेल्या होत्या, तिथेच."

मला राग आला. सौदा उघडा ठेवून असं हात काढून घेणं आमच्या बाजारात चालत नाही.

मेडिकलवाला म्हणाला, पुढच्या चौकात नवीन लॅब झाली आहे, मोठी, रिपोर्ट लगेच देतात. मी हो म्हणालो. खिशातली नळी चाचपली आणि त्या अरुंद जिन्यावर बसलो. जिना रिकामा होता. तरी बराच वेळ बसलो. त्या दिवशी घाई मलाही नव्हती.